लिंक गेली की सुरू करा: ऑफिसच्या धावपळीत योग आणि ध्यान बसवायचं कसं

ब्रँचमधे कुणी "लिंक गेली", म्हणजे बँकेचं नेटवर्क बंद पडलं, असं म्हणलं की दोनच गोष्टी होतात, काउंटरच्या आतले सगळे मोबाईल काढतात आणि बाहेरचे सगळे आतल्यांकडं रागानं बघायला लागतात. मी बँकेत आहे, लातूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावाला, त्यामुळं हे माझं रोजचंच. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास, काहीच काम करता येत नाही आणि उठूनही जाता येत नाही. माझं बरंचसं योग-ध्यान याच वेळात होतं आणि ते कसं करायचं एवढंच इथं लिहायलोय, ज्यांनी आजपर्यंत काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी.

आधीच सांगतो, पहाटे पाचला उठून तासभर आसनं करणाऱ्यांना माझा नमस्कार आहे, ते भारीच आहे. पण आपल्याकडं नळाला पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवशी सकाळ पाणी भरण्यातच जाते, बाकीच्या दिवशी पोरांचे डबे, शाळेची रिक्षा, आणि मग आपली गाडी किंवा एसटी. अशा माणसाला "स्वतःसाठी वेळ काढा" म्हणणं म्हणजे नुसता वर तोंड करून दिलेला सल्ला. वेळ काढायचाच नाही. दिवसात जो वेळ आधीच अडकून पडलेला आहे तो पकडायचा, बस.

पहिलं काम: आपण कुठं कुठं थांबतो ते लिहून काढा

एक दिवस बाकी काही करू नका, फक्त बघा की तुम्ही कशाची वाट बघत बसता. कागदाच्या चिटोऱ्यावर लिहा. माझी यादी अशी: कॉम्प्युटर चालू व्हायला लागणारा वेळ, लिंक, पासबुक प्रिंटर, ओटीपी, मॅनेजर साहेब फोनवर असताना त्यांच्या केबिनबाहेर, आणि संध्याकाळी कॅश टॅली होत नसली तर तिथं. तहसीलमधे असाल तर सर्व्हर आणि साहेबांची सही. मास्तर असाल तर ऑफ तास. मोंढ्यात दिवाणजी असाल तर हमाल पोती काट्यावर घालेपर्यंतचा वेळ. वाळूजला कंपनीत असाल तर कंपनीच्या बसचा स्टॉप आणि चहाची सुट्टी. घरून काम करणाऱ्यांना कुकरच्या शिट्ट्या आहेतच की, आणि रेल्वेनं येजा करणाऱ्यांची तर यादी लिहायलाच नको.

या यादीतनं एकच जागा निवडा. एकच. सगळ्या निवडल्या की चार दिवसात सगळं बंद पडतं.

दुसरं: त्या जागेवर श्वास

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो, बाकी काही नाही केलं तरी चालेल पण हे करा.

पाठ ताठ पण कडक नाही, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, टेबलाखाली चप्पल काढली तर अजून चांगलं. एक हात पोटावर ठेवा, कुणी बघत असेल तर नका ठेवू. नाकानं श्वास घ्या, मनात सावकाश चारपर्यंत मोजत, पोट थोडं पुढं आलं पाहिजे. मग नाकानंच सोडा, सहापर्यंत मोजत. मधे रोखायचं नाही, जोर लावायचा नाही, आवाज करायचा नाही. एका श्वासाला साधारण १० सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला ६, म्हणजे १२ श्वास झाले की दोन मिनिटं झाली. घड्याळ लावायची गरज नाही.

नवीन माणूस हमखास काय करतो तर "दीर्घ श्वास" म्हणलं की छाती फुगवून खांदे कानापर्यंत वर नेतो आणि चार श्वासात त्याला गरगरायला लागतं. खांदे हललेच नाही पाहिजेत. गरगरलं तर मोजणं सोडून द्या आणि नेहमीसारखा श्वास घ्या, दोन मिनिटात ठीक होतं. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार करा, सोडणं घेण्यापेक्षा लांब असलं म्हणजे झालं.

सोडणं लांब का, ते स्वतःच्या मनगटावर तपासून बघा. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या खाली दोन बोटं ठेवून नाडी शोधा आणि वरच्यासारखा श्वास सुरू करा. दोन-तीन श्वासानंतर लक्षात येईल की श्वास आत जाताना ठोके जरा भरभर पडतात आणि बाहेर येताना त्यांच्यामधलं अंतर वाढतं. तरुण माणसात हे जास्त कळतं, वय झालेल्यात कमी, आणि यात घाबरण्यासारखं काही नाही, नॉर्मल आहे. मेंदूतनं निघून मानेतनं खाली हृदयापर्यंत, पोटापर्यंत जाणारी वेगस नावाची नस असते, श्वास सोडताना ती हृदयाला हळू चाल म्हणून सांगते. तुम्ही सोडणं लांबवलं की तिला बोलायला जास्त वेळ मिळतो. माझा तर या बोटाखालच्या गोष्टीनंच विश्वास बसला, कारण मला कुणी नुसतं ऊर्जा-चक्र वगैरे सांगितलं की माझं लक्ष जातं उडून.

तिसरं: त्याच दोन मिनिटात ध्यान

वेगळा वेळ लागत नाही. श्वास चालू आहे, आता मोजणं सोडून फक्त नाकाच्या टोकाशी लक्ष ठेवा, हवा आत जाते, बाहेर येते, आत जाणारी जरा गार, बाहेर येणारी जरा कोमट. एवढंच बघायचं. मन दहा सेकंदात पळणार, ईएमआयवर, पोराच्या मार्कांवर, काल बायको काय म्हणली त्यावर. पळालं हे कळलं की परत नाकावर आणायचं, चिडायचं नाही. लोक म्हणतात "माझं मन लागतच नाही हो ध्यानात", अहो कुणाचंच लागत नाही, पळालेलं परत आणायचं हाच तर व्यायाम आहे, जितक्या वेळा आणलं तितका झाला.

हल्ली याला माइंडफुलनेस म्हणतात. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमधे जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखणी असलेल्या पेशंटसाठी काही आठवड्यांचा कोर्स काढला, त्यात बौद्ध ध्यान आणि हठयोगातली आसनं दोन्ही होती, तिथनं हे दवाखान्यात आणि ऑफिसात पसरलं. आपल्याकडं विपश्यनेला जाऊन आलेली माणसं गावोगाव आहेत, त्यांना हे आनापान म्हणून माहितीच आहे. आणि ज्यांना हे सगळं परकं वाटतं त्यांनी माळेचा एकेक मणी ओढत शांत बसणारी आपली आजी आठवावी. नामस्मरणाची सवय असेल तर श्वास सोडताना विठ्ठल म्हणा, मला तरी त्यात काही अडचण दिसत नाही. एकनाथांच्या पैठणचा आणि नामदेवांच्या नरसीचा मुलूख आहे आपला, कोण हसणारय.

आता याचा खरा उपयोग कुठं होतो तर माणूस अंगावर आला की. पीकविम्याचे किंवा लाडकी बहीणचे पैसे आले की आमच्या दारात पायरीपर्यंत रांग असते, त्यात लिंक गेली की कुणीतरी काचेवर टकटक करून म्हणणारच, "ओ सायेब, सकाळपासून उभा हाव, पैसे कव्हा देणार?" त्या क्षणी आपल्या आत काय होतं ते बघायचं, माझा जबडा आवळला जातो आणि कान तापतात, तुमचं पोट आवळत असेल. तीन गोष्टी करा, तीन सेकंदाच्या वर लागत नाहीत: पायाचे तळवे जमिनीला लागलेले जाणवून घ्या, एक श्वास पूर्ण सोडा, आणि मगच तोंड उघडा. "काका, लिंक आली की पहिला नंबर तुमचाच, बसा तवर." हे वाक्य आधीही येत होतं मला, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी बाहेर पडायचं. राग जात नाही यानं, हे पण सांगतो. राग असतोच, फक्त तो बोलायच्या आधी आपल्याला दिसतो.

चौथं: खुर्चीतली आसनं

हे दुसऱ्या आठवड्यात सुरू करा, पहिल्या नाही.

चाकाची फिरती खुर्ची या कामाची नाही. ती घसरते, आणि पिळ घालायला गेलं की आपल्याऐवजी खुर्चीच फिरते. ग्राहकांसाठी ठेवलेली साधी चार पायांची खुर्ची ओढून घ्या आणि तिच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा.

मान: उजवा कान उजव्या खांद्याकडं न्या, खांदा वर आणू नका, तीन श्वास थांबा, मग डावीकडं. मान गोल गोल गरागरा फिरवणं बंद करा, विशेषतः चाळिशीच्या पुढं. खांदे: बोटांची टोकं खांद्यावर ठेवून कोपरांनी मोठी वर्तुळं काढा, पाच इकडून पाच तिकडून. मनगट: हात समोर ताठ, दुसऱ्या हातानं बोटं आपल्याकडं ओढा, वरून आणि खालून, नोटा मोजणाऱ्यांनी आणि दिवसभर माऊस धरणाऱ्यांनी हे चुकवू नये. पाठ: हात गुडघ्यावर, श्वास घेताना छाती पुढं आणि नजर जराशी वर, सोडताना पाठ मागं गोल आणि हनुवटी छातीकडं, पाच-सहा वेळा. मग पिळ, डावा हात उजव्या गुडघ्यावर, उजवा हात खुर्चीच्या पाठीला, श्वास सोडत सोडत वळा, झटका नाही, नंतर दुसरी बाजू. शेवटी टाचा वर-खाली वीस वेळा, दिवसभर पाय लोंबकळत ठेवून संध्याकाळी पायावर सूज येते त्यांना यानं बरं वाटतं, कारण पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं.

हे सगळं तीन-चार मिनिटांचं काम आहे. सगळं एका दमात नाही केलं तरी चालतंय, प्रिंटर पासबुक छापतोय तोवर मान, ओटीपी येतोय तोवर मनगट.

डोळ्यांसाठी २०-२०-२० चा नियम बऱ्याच जणांना माहीत असेल, दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट लांबचं काहीतरी बघायचं. आमच्या खिडकीतनं लिंबाचं झाड दिसतं, ते कामाला येतं. भिंतीकडं तोंड करून बसत असाल तर दाराकडं बघा.

पाचवं: उभ्यानं, आणि यातलं एक तर सोडूच नका

टेबलाकडं तोंड करून दोन-तीन पावलं मागं उभं राहा. दोन्ही तळहात टेबलाच्या कडेवर, आणि कंबरेतनं वाका, गुडघे थोडे सैल, हात आणि पाठ एका रेषेत येईपर्यंत. डोकं दंडांच्या मधे. बूड मागं ढकला. आता पाच श्वास. पाठीचा कणा कुणीतरी दोन्हीकडनं ओढतंय असं वाटतं आणि कंबरेत अडकून बसलेलं काहीतरी सुटतं. साडीवर होतं, शर्ट-इनवर होतं, चटई लागत नाही, घाम येत नाही. टेबल जड असलं पाहिजे मात्र, प्लॅस्टिकच्या टेबलावर हात टेकवाल तर टेबल घेऊन खाली जाल. वर येताना गुडघे वाकवून सावकाश या.

याच्या जोडीला ताडासन, बोटं एकमेकांत अडकवून तळवे छताकडं, टाचा उचलून श्वास आत. आणि कटिचक्रासन, पाय खांद्याइतके लांब ठेवून कंबरेतनं इकडं-तिकडं वळणं. केंद्राच्या आयुष मंत्रालयानं २०२१ साली ऑफिसवाल्यांसाठी वाय-ब्रेक नावाचं फुकटचं ॲप काढलं, त्यात ताडासनापासून भ्रामरी (भुंग्यासारखा आवाज करत श्वास सोडणं) आणि ध्यानापर्यंत पाच मिनिटांचा क्रम आहे, बघून करायचा असेल तर तो चांगलाय.

दिवसभर उभं राहून काम असणाऱ्यांना यातलं अर्धं लागू नाही. लाइनवर आठ तास उभ्या माणसाला अजून उभ्यानं आसनं कशाला? त्यांनी चहाच्या सुट्टीत बसून घोटे फिरवावेत, पोटऱ्या दाबाव्यात, आणि घरी गेल्यावर भिंतीला पाय वर लावून पाच-सात मिनिटं पडावं. मशीन चालू असलेल्या जागी डोळे मिटून ध्यान करायचं नाही, कधीच नाही. तसंच गाडीवर. मोटारसायकल चालवताना कानात ध्यानाचं ऑडिओ लावून जाणारे बघितलेत मी, त्यांना हात जोडतो. रेल्वे गेट पडलं असेल तर इंजिन बंद करा, हँडलवरची मूठ सैल सोडा, खांदे खाली, डोळे उघडे, तेवढं बास.

सहावं: डबा

जेवताना पहिले तीन घास मोबाईल उलटा ठेवून खा. भाकरीचा तुकडा मोडताना, ठेचा लावताना, चावताना फक्त त्याच्याकडं लक्ष. तीनच घास, मग बोला, हसा, साहेबाला नावं ठेवा. माइंडफुलनेसच्या कोर्समधे एक मनुका घेऊन हेच दहा मिनिटं करायला लावतात, आपल्याकडं हुरड्याच्या दिवसात माणूस गरम कणसं चोळून एकेक दाणा खात बसतो तेव्हा हे आपोआप होतं.

जेवण झाल्यावर वाकायची, पिळ घालायची आसनं तीनेक तास नको. वज्रासन (गुडघे दुमडून टाचांवर बसणं) चालतं, जागा असेल आणि गुडघे चांगले असतील तर पाच मिनिटं. नसेल तर ऑफिसच्या व्हरांड्यात शतपावली. अडीच-तीनला जी झापड येते ती यानं कमी होते, पूर्ण जात नाही, आणि तिच्यावर चौथा कट चहा हा काही उपाय नाही.

उन्हाळ्याचं वेगळं

एप्रिल-मे मधे आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, पंखा गरम हवा फेकतो आणि दुपारी लाइट गेली तर बोलायलाच नको. या दिवसात दुपारी सूर्यनमस्कार, कपालभाती (पोट आत मारत झटक्यानं श्वास बाहेर टाकणं) असलं काही नाही, श्वास आणि बसल्या जागची मान-खांदे एवढंच. शीतली करता येते: जिभेची नळी करून तिच्यातनं श्वास आत, तोंड मिटून नाकानं बाहेर, आठ-दहा वेळा. जिभेची नळी सगळ्यांची होत नाही, ज्यांची होत नाही त्यांनी दात हलके मिटून फटीतनं श्वास घ्यावा, त्याला शीत्कारी म्हणतात. पण हे मोंढ्यात, सिमेंटच्या गोडाऊनमधे किंवा रस्त्यावर करू नका, तोंडानं घेतलेला श्वास नाकासारखा गाळून जात नाही, सगळी धूळ थेट आत. दमा किंवा सर्दी असेल तर शीतली नकोच.

कुणी जपून

बीपी असेल, गरोदर असाल, हर्निया असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर कपालभाती आणि श्वास रोखून धरायचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचे नाहीत. काचबिंदू असेल किंवा चक्कर येत असेल तर डोकं खाली जाईल असं वाकू नका, वर सांगितलेलं टेबलाचं सुद्धा नको, त्यांनी खुर्चीतलं करावं. स्लिप डिस्क असलेल्यांनी पिळ आणि पुढं वाकणं विचारूनच. आणि छातीत दुखत असेल, डावा हात भरून येत असेल तर तिथं प्राणायाम करत बसू नका, दवाखाना गाठा. डोळे मिटून बसल्यावर जास्तच घाबरायला होतं अशीही काही माणसं असतात, त्यांनी डोळे उघडे ठेवून समोरच्या एका वस्तूकडं बघत श्वास घ्यावा, आणि त्रास फार असेल तर मानसोपचाराचे डॉक्टर असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

टिकवायचं कसं

पहिला आठवडा फक्त श्वास, एकाच जागी. दुसऱ्या आठवड्यात टेबलाचं वाकणं आणि खुर्चीतलं. तिसऱ्यात डब्याचे तीन घास. मार्च एंडिंगला, पीककर्जाच्या गर्दीत, परीक्षांच्या काळात सगळं कोलमडणार, तेव्हा श्वास तेवढा धरून ठेवा, बाकी नंतर. बुडालेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका, कंबर धरते.

सहकारी हसतील. "काय बाबा, समाधी लागली का?" हे ठरलेलं. हसू द्या, दोन आठवड्यांनी त्यातलाच एखादा हळूच येऊन विचारतो की ते मानेचं कसं करायचं म्हणलं होतं. कुणालाच कळू द्यायचं नसेल तर श्वास आणि पायाचे तळवे या दोन गोष्टी ग्राहकासमोर बसून सुद्धा करता येतात, कुणाच्या बापाला कळत नाही.

पुढं वाढवायचं असेल तर आसनं मात्र माणसासमोर शिका, कारण मोबाईलला तुमचा गुडघा कुठं चाललाय ते दिसत नाही. बऱ्याच गावात मंदिराच्या सभामंडपात नाहीतर बागेत सकाळचे फुकट योग वर्ग चालतात. २१ जूनच्या योग दिनाला सगळीकडं जे करतात तो ४५ मिनिटांचा सामान्य योग अभ्यासक्रम आहे, रविवारी घरी तेवढा केला तरी पुष्कळ. ध्यानात खोल जायचं असेल तर इगतपुरीसारख्या केंद्रात १० दिवसांचं विपश्यना शिबिर असतं, तिथंच राहायचं, मौन पाळायचं, मोबाईल जमा, फी नाही, शेवटी मनाला वाटलं तर दान. आता १० दिवसांची रजा म्हणजे आधी अर्ज करावा लागतो, आणि बँकवाल्यांनी तो मार्चमधे घेऊन साहेबांच्या केबिनमधे जाऊ नये.